पुस्तकाबाहेरची भाकर

ब्लेडनं बायबल कापणारा ख्रिस्ती माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला.

ऐंशीच्या दशकातलं धुळं. मी मूळचा असोद्याचा, जळगावला लागूनच. घरची केळी, कपाशी. पण मला कपाशीवरच्या औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी लागली आणि मुक्काम धुळ्याला पडला. पांझरेच्या पलीकडे एका गल्लीत खोलीची पाटी दिसली म्हणून आत शिरलो. पडवीत एक उंच, किडकिडीत म्हातारा स्टुलावर बसलेला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली लुंगी, मांडीवर जाडजूड बायबल आणि हातात दाढीचं ब्लेड. पुस्तक शिवणीपाशी उसवून तो एकेक भाग वेगळा काढत होता आणि प्रत्येकाला सुईदोऱ्यानं नवीन टाके घालत होता. मी उंबऱ्यातच थबकलो. म्हटलं, बाबा धर्मावर चिडलेला दिसतोय, इथं राहणं काही खरं नाही.

"काय बघताय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"पुस्तक फाडताय का हो?"

"फाडत नाही. पूर्वी होतं तसं करतोय. चहा घेणार?"

झालं, राहिलो. पुढची बरीच वर्षं राहिलो.

गल्लीत त्यांना सगळे सर म्हणत. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "ए असोदा, इकडे ये," एवढंच. त्या दिवशी उसवलेल्या बायबलची सहासष्ट पुस्तकं झाली, कुठलं करंगळीएवढं जाड, कुठलं दोन-चार पानांचं. दिवाणावरच्या फळीवर ती ओळीनं उभी असत, एकमेकांना घट्ट खेटून. झाडताना कुणाच्या हातून मध्ये फट राहिली तर सर भडकत. "ओळ मोडायची नाही. ही ओळ लागायला लोकांची हयात गेली आहे!"

एकदा मी विचारलं, "सर, देवाचं पुस्तक, ते असं कापायचं म्हणजे..."

"हे एक पुस्तक आहे असं तुला कुणी सांगितलं? ही एसटी आहे, असोदा. कुणी नंदुरबारला चढलं, कुणी दोंडाईच्याला, कुणी मधेच हात दाखवून. कुणाचं रिझर्वेशन होतं, कुणी दारात लटकत आलं. धुळ्याला सगळे एकाच गाडीतून उतरले, म्हणून तुला वाटतं एकाच घरातले आहेत."

आणि मग सुरूच. हे प्रकटीकरणाचं पुस्तक कितीतरी ठिकाणच्या लोकांना नकोच होतं. हे इब्री लोकांस पत्र कुणी लिहिलं ते आजही कुणाला ठाऊक नाही. एका मेंढपाळावरचं पुस्तक होतं, लोक आवडीनं वाचायचे, ते बिचारं स्टँडवरच राहिलं. यादी काही आकाशातून पडली नाही. येशू गेल्यावर तीनशे वर्षं उलटून गेली, तेव्हा कुठं मिसर देशातल्या एका बिशपानं ईस्टरच्या पत्रात नव्या करारातली आजची सत्तावीस नावं लिहून कळवली. तोपर्यंत गावोगावच्या मंडळ्या आपापल्या परीनं काहीबाही वाचतच होत्या. मी कपाशीवरच्या बोंडअळीचा विचार करत मान डोलवायचो. पण हळूहळू कान देऊन ऐकायला लागलो हे खरं, कारण माणूस शिकवायला लागला की त्याच्या चेहऱ्यावर उजेड यायचा.

दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. "येशूनं स्वतः किती पुस्तकं लिहिली?" दूधवाला भाऊ बिचारा बरणी पुढे करायच्या आधीच सांगून टाकायचा, "एक बी नाही सर. भांडं द्या."

"अर्धा मार्क," सर म्हणत. "एकदा लिहिलं. बोटानं, मातीत. एका बाईला दगडांनी मारायला आणलं होतं तेव्हा. काय लिहिलं ते कुणी टिपून ठेवलं नाही. आणि गंमत सांगू? सगळ्यांत जुन्या प्रतींमध्ये ही गोष्टच नाही! बाहेर फिरत होती. लोक सांगायचे थांबेनात, म्हणून शेवटी योहानाच्या पुस्तकात तिला बसायला जागा करून दिली." दूधवाल्याला हे सगळं दर आठवड्याला ऐकावं लागे. दूध मात्र त्यानं कधी पातळ घातलं नाही, बहुतेक पापाला भिऊन.

सरांचं बोलणं छापील. शाळेत म्हणे कुणी 'शे' म्हटलं की 'आहे' म्हणेपर्यंत बाकावर उभं करायचे. आणि घरात? घरात अक्का!

अक्का म्हणजे त्यांची बायको. साक्रीकडच्या खेड्यातली, ठेंगणी, गोल, कपाळावर घामाचे थेंब आणि तोंडात अस्सल खान्देशी. लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्न झाल्यावर सरांनी पाटी-पेन्सिल आणून दिली होती. अक्का स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत पोचल्या आणि पाटीवर लाटी थापून मोकळ्या झाल्या. "वाचाले तुम्ही शेतस ना घरमां, मंग मी कसाले?" आणि त्यांना गरजही नव्हती. सरांनी रोज सकाळी मोठ्यानं वाचायचं, अक्कांनी भाकरी थापत ऐकायचं, असा त्या घराचा रिवाज. एकदा ऐकलेलं त्या विसरत नसत. चर्चच्या संडे स्कूलला गोष्टी त्याच सांगत, आणि पोरं अशी गप्प बसत की पाळकसाहेबांना हेवा वाटावा.

पोरंच काय, एसटीसुद्धा. अक्कांची बहीण दीपनगरला होती, भाचा तिथल्या वीज केंद्रात. महिन्या दोन महिन्यांनी अक्का भुसावळच्या गाडीला निघायच्या. सर पोचवायला जात आणि स्टँडवर दहा हात लांब उभे राहत, जणू ही बाई कोण, कुठली. कारण गाडी थांबायच्या आत अक्का खिडकीतून आपला निळा रुमाल सीटवर टाकत.

"हे नियमात बसत नाही," सर कुरकुरत.

"नियम उभा ऱ्हावो. मी बसस," अक्का म्हणत, आणि रुमालावर बसत.

बसल्या की शेजारणीला गोष्ट. एकदा जळगावपर्यंत मी त्यांच्याबरोबर होतो. पारोळ्याला सुरू केलेली गोष्ट अशी रंगली की पुढच्या सीटवरच्या बाईला एरंडोलला उतरायचं होतं ते राहूनच गेलं. कंडक्टर ओरडला, तर ती बाई त्याच्यावरच उसळली, "थांब ना रे भाऊ, पुढे काय झालं ते तर ऐकू दे!"

पण अक्कांची खरी गोष्ट ईस्टरची. ती ऐकायला मी, असोद्याचा हिंदू गडी, पहाटे आंघोळ करून चर्चच्या आवारात हजर असे.

आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे जेवण आणून देतात. गल्लीतल्या ख्रिस्ती घरांनी हाच रिवाज उत्तम शुक्रवारला, म्हणजे गुड फ्रायडेला, लावला होता. शुक्रवारी, शनिवारी एकाही घरात चूल नाही, स्टोव्ह नाही. आम्ही बाकीचे जेवण पोचवायचो. मी सडाफटिंग, मी हॉटेलातून तिखटजाळ शेवभाजी नेऊन देई. सर ती खात आणि डोळ्यांतून पाणी काढत. अक्का म्हणत, "देवना दुःखमां रडी ऱ्हायनात. कितला भक्त माणूस!"

रविवारी पहाटेची उपासना संपली की चर्चबाहेर लिंबाखाली तीन दगडांची चूल पेटायची. अक्का कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापायला बसत, सगळी मंडळी भोवती, आणि गोष्ट सुरू.

येशूला क्रुसावर दिलं, पुरलं. तिसऱ्या दिवशी उठेन, असं तो सांगून गेला होता. "बठ्ठास्नी ऐकं. ध्यानमां ठेवं एकली मायनी." ऐकलं सगळ्यांनी, लक्षात ठेवलं ते फक्त त्याच्या आईनं. रविवार उजाडला. बाकीच्या बाया सुगंधी मसाला घेऊन कबरेकडे निघाल्या, मेलेल्याच्या अंगाला लावायला. माय गेली नाही. मायनं जातं मांडलं आणि पीठ दळायला बसली. चूल पेटवली. धूर बघून शेजारणी दारात आल्या. "कशी शे वं ही माय! आंडोर गया नि हाई चुल्हा पेटाडी ऱ्हायनी!" पोटचा पोरगा गेला आणि ही चूल पेटवते! मायनं भाकर तव्यावर टाकली. तेवढ्यात दारात सावली पडली.

"माय, भूक लागनी."

मायनं मान वर केली नाही, की रडली नाही. म्हणाली, "हातपाय धोई ले. भाकर तवावर शे."

इथं अक्का पहिली भाकर तव्यावरून काढून समोरच्या पोराच्या हातात देत. मग सगळ्यांना. नुसती भाकर आणि ठेचा. एप्रिलातलं धुळ्याचं ऊन सकाळी सातलाच चटका द्यायला लागायचं, चुलीचा धूर, घामाच्या धारा. पण ती भाकर खाताना मला दरवर्षी घर आठवायचंच. माझी आई तिकडे असोद्यात, आणि मी इकडे शेवभाजीवर दिवस काढणारा.

मग एका हिवाळ्यात अक्का गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. सरांच्या घरी खरोखरच चूल पेटेना. मी डबा लावून दिला. सकाळचं वाचन सरांनी थांबवलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं वाचत, आणि आतून थापण्याचा आवाज नसे. मला फार वाईट वाटायचं. मी मुद्दाम आत जाऊन भांडी आपटायचो.

त्याच सुमारास चर्चला नवे पाळक आले. तरुण, चष्मा, नुकतेच शिकून आलेले, स्वभावानं गरीब. ईस्टर जवळ आला तसं त्यांनी कार्यक्रम विचारला. मंडळी म्हणाली, "उपासना, प्रभुभोजन आणि मग मायची भाकर."

"ती काय असते?"

लोकांनी गोष्ट सांगितली. पाळकसाहेब गोंधळले. "छान आहे. पण कुठल्या शुभवर्तमानात आहे? येशूची चरित्रं तर चारच."

"असं काय साहेब! आहे ना पुस्तकात!"

"कुठं?"

आता हे 'कुठं' त्या गल्लीत आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आणि मग रविवारी दुपारी सरांच्या पडवीत जे झालं त्याला तोड नाही. सहासष्ट पुस्तकं सुटी मिळणारं घर धुळ्यात एकच. सगळी पंचमंडळी तिथं आली. प्रत्येकाला एकेक पुस्तक वाटलं, आणि शोध सुरू झाला.

दवाखान्यात कंपाउंडर असलेले आबा छातीठोक होते. "लूक! डाव्या पानावर, खालच्या बाजूला. मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय." लूक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डावी पानं संपवली, उजवी संपवली, मग म्हणाले, "ही आवृत्ती वेगळी दिसते." त्याच दवाखान्यातल्या सिस्टरबाई मत्तय घेऊन बसल्या. एक म्हातारे नाना जुन्या करारातलं एक पुस्तक चाळत होते. त्यांना कुणी सांगितलं की नाना, त्यात येशू अजून जन्मलासुद्धा नाही, तर नाना म्हणाले, "मग आधी कळलं असेल तर?" मला ओबद्या दिलं होतं, जुन्या करारातलं सगळ्यांत बारीक. माझं लगेच झालं, म्हणून मी चहा ठेवला.

कुठंच सापडेना. माय वधस्तंभापाशी उभी आहे, नंतर शिष्यांबरोबर प्रार्थनेला आहे. मध्ये ती घरी आहे, जातं आहे, भाकर आहे, पोरगा दारात आहे, असं काही म्हणता काही नाही. हळूहळू सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या. ते कोपऱ्यात सुईत दोरा ओवत बसले होते.

"सर," आबांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"लग्न झाल्यापासून."

"आणि अक्काला?"

"पहिल्याच ईस्टरला सांगितलं होतं मी तिला. म्हटलं, अगं, हे पुस्तकात नाही." सरांनी सुई खाली ठेवली. "म्हणाली, नई शे? मंग लिखणारा तवय घर नई व्हता व्हई."

लिहिणारा तेव्हा घरी नसेल! आबा इतक्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला. पाळकसाहेबसुद्धा हसले. पण मग त्यांनी चष्मा पुसला आणि सरळ विचारलं, "सर, मी नवीन आहे. माझी पंचाईत समजून घ्या. पुस्तकात नसलेली गोष्ट मी चर्चमध्ये शास्त्र म्हणून कशी चालू देऊ? तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

मी खूश झालो. म्हटलं आता सर ह्या पोराला धुवून काढणार. सर उठले, वर्गात उभे राहत तसे हात मागे बांधून.

"यादी ठरली तेव्हा मंडळ्यांनी साधारण तीन गोष्टी पाहिल्या," ते म्हणाले. "एक, हे प्रेषितांपासून, म्हणजे येशूनं स्वतः पाठवलेल्यांपासून, आलंय का? अक्का प्रेषित नव्हती. पौलासारखी भांडायची, पण प्रेषित नव्हती. नापास. दोन, आपल्या विश्वासाशी जुळतंय का? जुळतं. पास. तीन, सगळीकडच्या मंडळ्या हे वाचतात का? धुळ्याच्या एका गल्लीत सांगितली जाणारी गोष्ट. नापास. पाळकसाहेब बरोबर आहेत. हे शास्त्र नाही."

मी चहाची किटली आपटली. "सर, मग ती मातीत लिहिल्याची गोष्ट? ती पण बाहेरच फिरत होती ना? तुम्हीच त्या दूधवाल्याचे कान किटवलेत!"

"त्या गोष्टीनं फार वर्षं वाट पाहिली, असोदा. तुला एका दुपारीत पाहिजे."

"मग बंद करायची का भाकर?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"तसं मी कुठं म्हटलं? पहिल्या ईस्टरला एकाच्याही काखेत नवा करार नव्हता. बायका पळत आल्या, तोंडानं सांगितलं, आणि पुरुषांना ते खरं वाटलं नाही. मंडळी तिथून सुरू झाली. पुस्तक नंतर आलं."

"म्हणजे पुस्तकाची गरज नाही, असं म्हणता?" पाळकसाहेबांनी विचारलं.

सर परत स्टुलावर बसले. मग म्हणाले, "सगळी हयात मी तसंच म्हणत आलो. ऐकवणारी माणसं असली तर कागद कशाला? पण ज्यांनी पाहिलं होतं ती माणसं मरायला लागली, साहेब. म्हणून लिहायला घेतलं त्यांनी. हे मी पोरांना शिकवलं, परीक्षेत विचारलं. कळलं मात्र ह्या हिवाळ्यात."

"मग लिहून काढा ना सर!" आबा म्हणाले. "तुमचं अक्षर मोत्यासारखं."

"लिहिली की ती माझी होईल, आबा. मला तिची पाहिजे." एवढं बोलून ते आत गेले आणि नळ सोडून तोंड धुवत राहिले.

शेवटी पाळकसाहेबांनीच तोड काढली. चर्चच्या आत फक्त पुस्तक. बाहेर लिंबाखाली भाकर. पुस्तकात आहे असं कुणी म्हणायचं नाही. आणि गोष्ट सांगणारं कुणी असेल तर सांगावी, नसेल तर नुसती भाकर खाऊन घरी जावं. हे शेवटचं ऐकल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सांगणार कोण? इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी ती सांगितलीच नव्हती. ह्या वर्षी नाही सांगितली, तर पुढच्या वर्षी नुसता ठेचा राहणार हे सगळ्यांनाच कळत होतं.

ईस्टर आला. उपासना झाली, चूल पेटली, सिस्टरबाईंनी पीठ मळलं. सगळे बसले. पोरं चुळबुळायला लागली. मग सर उभे राहिले, घसा खाकरला आणि छापील मराठीत सुरू केलं, "तदनंतर तिसऱ्या दिवशी प्रातःकाळी, इतर स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन प्रस्थान करत्या झाल्या..."

पोरं फिदीफिदी हसायला लागली. आबांची नात, एवढीशी, उभी राहून म्हणाली, "सर, गोट अशी नई शे! अक्का अशी नई सांगे!"

मला वाटलं आता हिला बाकावर उभं करतात. सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कडक इस्त्रीच्या पँटसकट चुलीसमोर मातीत मांडी घातली, आणि एक गोळा हातात घेतला.

"बठ्ठ्या बाया मसाला लई गयात," ते म्हणाले. "माय नई गयी. मायनी जातं मांडं."

तोच सूर, तीच मान हलवण्याची लकब. ज्या माणसानं पिढ्यान्‌ पिढ्या पोरांचं 'शे' सुधारलं, तो चुलीच्या धुरात बसून 'शे' म्हणत होता आणि भाकर थापत होता. भाकर वाकडीतिकडी, खान्देशच्या नकाशासारखी. सिस्टरबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या, मीही रडत होतो, नाना तर आधीपासूनच. आणि "हातपाय धोई ले, भाकर तवावर शे" हे आल्यावर पाळकसाहेब मुकाट उठले, आवारातल्या नळावर गेले, हातपाय धुतले आणि पहिली भाकर घ्यायला सरांसमोर येऊन बसले. त्यानंतर दर ईस्टरला ते असंच करत. पोरंही त्यांच्या मागे नळावर रांग लावायला लागली.

ह्यानंतर काही वर्षांनी, नव्वदचं दशक लागलं होतं, मी कामासाठी रावेरला गेलो होतो. एका केळीच्या वखारीत मालकाची वाट बघत बसलेलो. बाया केळीचे घड धुऊन ट्रकसाठी रचत होत्या. त्यांतली एक डबा न उघडताच बसली होती. पोरगा घरातून भांडून सुरतेला निघून गेला होता, काही पत्ता नाही, आणि हिनं अन्नाला हात लावणं सोडलं होतं. शेजारी एक पिकल्या केसांची बाई होती, तिला सगळ्या जिजी म्हणत. तिकडची बोली आमच्या असोद्यासारखीच. जिजी तिला म्हणाली, "अवं, देवाच्या पोराची माय होती ना, तिचं काय झालं माहीत आहे का तुले? पोराले मारून टाकलं राजानं. साऱ्या बाया मसाले घेऊन मसनात गेल्या. माय नाही गेली. माय पीठ दळत बसली. म्हने, पोरगं येईन तं भुक्कंच येईन."

मी हातातला चहा खाली ठेवला.

"जिजी, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

"भुसावळच्या गाडीत एक म्हातारी भेटली होती. जाडीशी. मही जागा रुमाल टाकून धरेल होती तिनं!"

"पुस्तकात आहे का ही?" मी मुद्दाम विचारलं.

"असीन ना," जिजी म्हणाली. "येवढी चांगली गोष्ट पुस्तकात नसीन का?" आणि त्या दुसरीला दटावलं, "खाय मुकाट्यानं. आन घरी जाऊन पीठ दळून ठेव." तिनं डबा उघडला.

मालक आला, ऑर्डर देतो म्हणाला. मी म्हटलं, नंतर बघू, आणि धावतच स्टँड गाठलं.

धुळ्याला पोचलो तेव्हा सर पडवीत दिवे लागायची वाट बघत बसले होते. आता थकले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मला थांबवून थांबवून उलटतपासणी घेतली. जातं होतं? होतं. शेजारणी? त्या गळाल्या. भाकर कळण्याची? काही सांगितलं नाही. येशूचं नाव? तेही गळालं सर, नुसता देवाचा पोरगा. आणि ते 'भुक्कंच येईन' अक्कांच्या गोष्टीत नव्हतं, ते तिकडचं.

"पाठभेद!" सर आनंदानं ओरडले. "असोदा, आमच्या बाईच्या गोष्टीला पाठभेद! आणि ती बाई जेवली?"

"जेवली."

त्यांनी डोळे पुसले, लपवलं नाही.

"मग आता तिसऱ्या परीक्षेत पास ना सर?"

"एक रावेर म्हणजे सगळीकडे नव्हे," ते लगेच कडक झाले. "मार्क असे वाटायचे नसतात."

पण मग भिंतीला धरून उठले. दिवाणावर चढायला मी हात दिला. फळीवरच्या त्या ओळीत, जिच्यात त्यांनी कधी कुणाला फट राहू दिली नाही, त्यांनी लूक डावीकडे सरकवला, योहान उजवीकडे सरकवला. उशीखालून अक्कांचा निळा रुमाल काढला, घडी नीट केली आणि त्या मोकळ्या जागेत ठेवला.

"सर, हे नियमात बसत नाही," मी म्हटलं.

"नियम उभा ऱ्हावो," सर म्हणाले.